वहिनींची चटणी आणि माझं इंजिनिअरिंग

कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटाच्या कडेला बोटभर वाढायचा पदार्थ नव्हे. कांदा, लसूण, खोबरं आणि भाजलेला मसाला मिरचीत कांडून उन्हाळ्यात एकदाच करायचं ते वर्षाचं तिखट. पुढं आमटीपासून मटणापर्यंत सगळं तिच्या जिवावर. आमच्या घरची चटणी वहिनींची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोची. त्यात कुणी लुडबुड करायची नाही.

नव्वदीच्या दशकात कधीतरी वहिनींना संधिवातानं गाठलं. सकाळी बोटं वळेनात, मूठ मिटेना. आणि आमच्या घराला प्रेमाचा झटका आला. त्यांनी तांब्या उचलला की आम्ही सगळे धावायचो. पेला धरला की "तुम्ही बसा", दार उघडायला निघाल्या की "तुम्ही बसा". शेवटी वैतागून म्हणाल्या, "हात दुखत्यात माझं. बाकीची मी हाय न्हवं अजून?"

तेवढ्यात मिरचीचे दिवस आले. दादा जेवताना म्हणाला, "औंदा चटणी विकतच आणूया."

सगळ्यांचे घास हातात राहिले.

"आणा की," वहिनी म्हणाल्या. "तितंच बायको बी मिळती का बघा. चटणी मीच करणार."

दादानं आमटीत तोंड घातलं. मी मात्र पेटून उठलो. मी कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, पण हातात पाना आला की स्वतःला इंजिनिअर समजायचो. वहिनींना वाकायला लागू नये, म्हणून शेगडी ठेवायला लोखंडी घोडा, म्हणजे उंच तिवई, करून आणला. उंची माझ्या पोटाशी मापून घेतली होती. वहिनी नेहमीच्या बुटक्या स्टुलावर बसल्या तर कढई त्यांच्या नाकासमोर आली. मग कढई उचलायला छताला कप्पी टांगली. पहिल्याच झोक्याला धने दादाच्या डोक्यावर.

वहिनी पोटभर हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी, येवढं लोखंड आणलासा, मला एकदा विचारलं का, काय पायजे म्हणून?"

खरंच विचारलं नव्हतं. आता विचारलं.

त्यांना हवं होतं ते असं: शेगडी जमिनीवर आणि वहिनी बुटक्या स्टुलावर. उलथण्याच्या दांड्याला जुन्या लुगड्याची जाड गुंडाळी, म्हणजे मूठ पूर्ण मिटायला नको. बोटं मोकळी झाल्यावर, ऊन चढलं की कामाला लागायचं, आणि थोडं थोडं भाजायचं. कढई उतरवायला माणूस लागेल, पण तो हाक मारल्यावरच येईल. "आणि बसा म्हणायचं न्हाय. मी बसल्यालीच हाय."

एका दुपारचं काम आठवडाभर चाललं. घरभर ठसका. दादा हाकेची वाट बघत दारात उभा, रुमाल नाकाला.

कांडायला डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर, जायचं ठरलं, तेव्हा त्याही रिक्षात बसल्या. मंगळवार पेठेतला डंकवाला डबा बघून मला म्हणाला, "पावणं, ह्यास्नी बारीक पायजे का जाडसर?" ह्या शेजारीच उभ्या! सवयीनं मी तोंड उघडलं. वहिनींनी नुसतं बघितलं.

"मला फक्त खायचं कळतंय," मी म्हणालो. "त्यास्नी इचारा."

मग वहिनींनी त्याला असं काही धारेवर धरलं, की आमच्या मागची गिऱ्हाइकं दुसऱ्या डंकावर गेली. चिमूट बोटांत धरवेना, तर तळहातावर घेऊन वास घ्यायच्या. "अजून कांडा. अजून. व्हय, बास."

त्या रात्री नव्या चटणीची आमटी झाली. दादानं भुरका मारला, थांबला, आणि आयुष्यभराचा अनुभव विसरून बोलला, "खोबरं जरा करपलंय काय गं?"

पुन्हा सगळ्यांचे घास हातात. खोबरं करपलं होतं, मलाही लागलं होतं. पण ते बोलून दाखवायला मी काय दादा नव्हतो!

वहिनींनी बोट बुडवून चाखलं. "करपलंय," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर असा रुबाब, जणू बक्षीस मिळालंय. "माझ्या हातनं करपलंय. वर्षभर खायाचं. वाढू का आणखी?"

दादानं वाटी पुढं केली.