सावरीच्या काट्यांचा लेप

हसणार नाही असं आधी कबूल करा. आणि तोंडात चहाचा घोट असेल तर गिळून घ्या, उगाच पुढे माझ्यावर आळ नको. कारण हा घोटाळा मी वीस वर्षं लोकांपासून लपवून ठेवलाय, आणि अख्ख्या ठाण्याला तो पहिल्याच दिवसापासून माहीत आहे!

तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, ठाण्याच्या कचेरीत उमेदवार. उमेदवार म्हणजे कारकुनाएवढं राबायचं आणि कारकून होण्याची वाट बघायची. दीड वर्ष मी ती वाट बघत होतो. एका गुरुवारी शिरस्तेदारांनी मला बोलावलं.

"सोमवारी साहेब तिघा उमेदवारांना समोर घेणार. एकाला कायम करणार." एवढं बोलून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "आणि हे काय रे?"

हे म्हणजे मुरमं! कपाळावर, गालांवर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा एक. त्यात कातडी इतकी नाजूक की न्हाव्याने वस्तरा परजायला घेतला की इकडे माझे गाल लाल.

"साहेबाला स्वच्छ माणूस लागतो," शिरस्तेदार म्हणाले. "मागे एकाला खरूज होती, त्याला दारातूनच परत पाठवला."

झालं! साहेब मुरूम आणि खरूज यात फरक करील का? विलायतेत मुरमं असतात का? विचारणार कोणाला?

शुक्रवारी पोट दुखतंय असं सांगून कल्याणच्या एका वैद्यांकडे गेलो. ठाण्यात वैद्य नव्हते असं नाही, पण ठाण्यातली बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. वैद्यबुवांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"आजवर काय काय लावलंस?"

"लिंबू. हळद. मग लिंबू आणि हळद. डाळीचं पीठ. एकदा राख."

"मुरमांनी छळलं नसेल एवढं तूच छळलंयस की या तोंडाला!" त्यांनी सावरीच्या झाडाचे चार काटे पुडीत बांधून दिले. "हे दुधात उगाळायचे, पातळ लेप द्यायचा, वाळायच्या आत धुवायचा. दुसरं काही लावायचं नाही. आणि हे बघ, तुझी कातडी हळवी आहे. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांब."

एक दिवस थांब! यांना काय जातंय सांगायला? सोमवार माझ्या उरावर बसला होता.

आता हा लेप उजळ माथ्याने घरात लावता आला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण आमचे अण्णा, म्हणजे वडील, कडक. त्याच महिन्यात गावात नाटक मंडळी येऊन गेली होती आणि आमच्या आळीतला एक मुलगा तिच्याबरोबर पळाला होता. तोंडाला लेप लावलेला मुलगा दिसला असता, तर अण्णांच्या डोळ्यांपुढे मी थेट लुगडं नेसून उभा राहिलो असतो.

म्हणून शनिवारी सगळे जेवून पडल्यावर मी दूध आणि काटे घेऊन गोठ्यात शिरलो. प्रश्न होता सहाणेचा. देवघरातली सहाण होती, पण देवाच्या गंधाच्या सहाणेवर मुरमांचं औषध? छे! मी एवढाही बिघडलो नव्हतो. गोठ्याच्या कोनाड्यात एक जुनी, काळपट सहाण पडलेली दिसली. मी स्वतःवर खूश झालो. देव बाटला नाही, काम झालं!

चारही काटे उगाळले. पातळ कशाला, चांगला जाड थर दिला. वाळायच्या आत धुवायचा होता, पण जास्त ठेवला तर जास्त गुण येईल, नाही का? तासभर गाईच्या शेजारी बसून राहिलो. गाय माझ्याकडे एकदा बघायची आणि मान फिरवायची.

रविवारी सकाळी डोळे उघडायला गेलो तर ते पुरते उघडेनात. तोंड जळत होतं. हात लावला तर कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसते फोड! मी ओरडलो. पहिली धावून आली ती आत्या. आमच्या घरात अण्णांचा शब्द शेवटचा, पण आत्याचा त्याच्याही नंतरचा. तिने मला पाहिलं आणि चक्क हात जोडले.

"आई आल्या! विसूच्या अंगी देवी आल्या!"

पुढच्या घटकाभरात दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. स्वयंपाकघरातली फोडणी बंद झाली. मी खाजवू नये म्हणून आत्याने माझे दोन्ही हात फडक्यात गुंडाळून बांधले. अण्णांनी, होय, आमच्या अण्णांनी, चपला लांब काढून मला नमस्कार केला! आणि लगेच शिरस्तेदारांच्या घरी चिठ्ठी धाडली: चिरंजीवास देवी आल्या आहेत, सबब सोमवारी येणे होणार नाही.

चिठ्ठीचं माझ्या कानावर आलं. गेली जागा! दीड वर्ष पाण्यात! नाटकवाला तर नाटकवाला, आता खरं सांगायलाच हवं होतं.

"आत्या, देवी नाहीत गं! मी काटे लावले, सावरीचे काटे!"

आत्याने डोळे मिटले. "ऐकलंत? आई काटे मागतायत."

"अगं, मी विसू बोलतोय! मला कचेरीत जायचंय!"

"आईंना कचेरीत जायचंय," आत्या गंभीरपणे म्हणाली. अण्णा पांढरेफटक पडले.

मी जे बोलेन ते देवीचं! पाणी मागितलं तरी बाहेर नवस बोलले जात. संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका रांगेने आल्या. एकीने तर माझी ओटी भरली. मला मिसरूड फुटलेली होती हो! मांडीवर खण, नारळ, तांदूळ घेऊन मी तसाच बसलो आणि रडलो. त्यावर बायका म्हणाल्या, "आई प्रसन्न झाल्या."

सोमवारी सकाळी शिरस्तेदारांनी पाठवलेले देवीडॉक्टर दारात हजर. सरकारातून पोरांचे दंड टोचत हिंडायचे, तेच. ते आले ते चिडूनच.

"याचा दंड लहानपणी मी स्वतः टोचलाय. मी टोचलेल्या माणसाला देवी? बघू!" त्यांनी माझा दंड पाहिला, मग तोंड, मग फोडांच्या कडेचे काळे डाग. "काय लावलंस?"

"सावरीचे काटे, दुधात उगाळून."

"त्याने काही होत नाही. उगाळलेस कशावर?"

मी गोठ्याकडे मान हलवली. सहाण आली. ती पाहताच आत्या मटकन खाली बसली.

"अगं बाई! ही तर माझी टाचांची सहाण! भेगांना लावायला मी हिच्यावर बिब्बा उगाळते!"

बिब्बा! परीट ज्याने कपड्यांवर खुणा करतो आणि ज्याचं तेल लागलं की कातडी उतते, तो बिब्बा मी तोंडभर माखून घेतला होता, वर तासभर वाळवला होता. बाहेर बायका खोखो हसत सुटल्या. कालची ओटीवाली तर नारळ परत न्यायला आली. अण्णा एवढंच म्हणाले, "मेल्या, नाटकात गेला असतास तर बरं झालं असतं."

पण देवीडॉक्टर म्हणाले, "अजून वेळ आहे, पळ!" माझे हात सोडले गेले, मी उपरणं तोंडाला गुंडाळलं आणि पळत सुटलो.

साहेबासमोर जाऊन उभा राहिलो. आता वर बघतील, आता हाकलतील! पण साहेबांनी मान वर केलीच नाही. एकदाही नाही! त्यांनी टेबलावरून नुसता कोरा कागद पुढे सरकवला. शिरस्तेदार मजकूर सांगू लागले. मोडीत लिहून काढायचा होता.

मी बोरू उचलायला गेलो. ज्या बोटांनी बिब्ब्याच्या सहाणेवर काटे उगाळले होते, ती बोटं सुजून टम्म झाली होती. बोरू धरवेना. जे काही कागदावर उमटलं, ते शिरस्तेदारांना तर नाहीच, मलाही वाचता आलं नाही.

जागा आम्हा तिघांतल्या सदूला मिळाली. बाहेर आल्यावर मी त्याच्याकडे नीट पाहिलं. माझ्या दुप्पट मुरमं होती त्याच्या तोंडावर!

"सदू, तू यांना काय लावतोस रे?" मी विचारलं.

"छे रे, लावायला वेळ कुठला?" तो म्हणाला. "शनिवार-रविवार मी अक्षर गिरवत बसलेलो."