सपाट आवाजाची नोकरी

गोंदिया स्टेशनवर पुण्याची गाडी हलली, तेव्हा आई प्लॅटफॉर्मवरून डब्यासोबत चालत ओरडली, "पोचल्याबरोबर फोन करजो वोऽऽ बाई! उपासी नोको राहू!" मीही खिडकीतून तेवढ्याच जोरात "हाव वोऽऽ" म्हटलं. समोर बसलेल्या पुण्याच्या काकूंनी हळूच विचारलं, "घरी भांडून निघालीस का गं?"

तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की संताप येतो.

आमच्या सौंदड गावाकडे धानाच्या एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, पार पलीकडच्या बांधीतल्या माणसाशी बोलावं लागतं. आवाज चढणारच, शेवट लांबणारच. हाकेचा शेवट वर गेला तर जेवायला बोलावणं, हाक मध्येच तुटली तर साप निघाला. शब्द नाही पोचले तरी सूर पोचतो.

पुण्यात मला हेल्पलाइनवर नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "तुझा टोन फार ॲग्रेसिव्ह आहे. सूर खाली आण, फ्लॅट ठेव." मी साधं "काय अडचण आहे?" विचारलं तरी मार्क कापायच्या. त्या स्वतः प्रत्येक वाक्याचं शेपूट नाकातून वर न्यायच्या, ते मात्र शुद्ध! गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्हालाही कोणीतरी हे ऐकवलं असेलच. पोटासाठी मी शिकले. इतकी शिकले की शेवटी मलाच ट्रेनरची जागा देऊ केली.

आनंदाने ऑफिसातूनच, कामाच्याच सुरात घरी फोन लावला. म्हटलं, "आई, एक बातमी आहे."

पलीकडे भांडं पडलं. "कोन गेला वो?" आई किंचाळली.

आमच्याकडे एवढ्या खालच्या, सपाट सुरात फक्त मरणाची खबर सांगतात. मी घाईघाईने आमचा हेल काढायला गेले, तर तो गळ्यातून निघेना. फोनवरच ऐकू आलं, बाबूजी शेतातून धावत आले, शेजारणी जमल्या. कोणी मेलं नाही, मला बढती मिळाली आहे, हे पटवताना माझा जीव मेटाकुटीला आला.

रडणं थांबल्यावर आई म्हणाली, "अन् आता तू दुसऱ्याच्या पोरींले असंच बोलाले शिकवशीन?"

मी फोन ठेवला तो रागातच. माझ्या आईची माया ज्या सुरातून येते, त्याला या लोकांनी उद्धटपणा ठरवलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना वर्षानुवर्षं "थँक यू मॅडम" म्हणत आले होते. जिथे मी मोठ्याने बोलले की कोणी दचकत नाही आणि हळू बोलले की सगळे दचकतात, तेच माझं घर. पुण्यात कितीही भाडं भरलं तरी ते मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन ट्रेनरची जागा नाकारली. आवाज काचेबाहेर गेला असावा, कारण सगळा फ्लोअर वळून बघत होता.

"तू चिडली आहेस का?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा बरोबर ओळखलंत."