परत आलेले शर्ट

आमची वहिनी कपडे शिवते आणि कुणी जरा कौतुक केलं की पाघळते. मी नणंद आहे, एवढं बोलायचा मला हक्क आहे. माझा हात मोडला तेव्हा प्लास्टरवरून एकही कपडा चढेना. वहिनीने माझा एक शर्ट बाहीपासून कमरेपर्यंत उसवला, कडेला व्हेल्क्रोची पट्टी लावली आणि हात न हलवता मला घातला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तोंडभरून कौतुक केलं. झालं! दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब आपल्या भाड्याच्या दुकानात मोडक्या हातांचे शर्ट शिवायला बसल्या.

कल्पना फक्कड होती, पण धंद्याचं गणित काही जमेना. माप घेतल्याशिवाय वहिनी कात्री हातात धरत नाही. कळवळणाऱ्या माणसालाही उभं करून ती छातीचं माप घ्यायची. शिवण अशी की शर्ट माणसाला पुरून उरावा, आणि हात तर महिना-दीड महिन्यात बरा होतो. तेवढ्यासाठी नवा शर्ट कोण शिवून घेणार? वाहवा सगळे करायचे, शिवून घ्यायचे दहातले एक-दोन. या नादात रोजची गिऱ्हाइकंही तुटली. शेवटी दादाने तिच्यासाठी कपड्यांच्या कारखान्यात काम बघितलं. सोमवारपासून दिवसभर नुसत्या कॉलरी शिवायच्या, आणि दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला परत. वहिनी फक्त "बरं" म्हणाली. त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

शनिवारी मी तिच्यासोबत दुकान आवरायला गेले. कपाट उघडलं तर आत तेच शर्ट, धुतलेले, इस्त्री केलेले, चांगला गठ्ठाभर.

"हे काय गं, वहिनी?"

"परत आलेत. हात बरा झाला की लोक आणून देतात."

"मग लपवलेस कशाला?"

"शिवणीत खोट असल्याशिवाय कपडा परत येतो का?" ती मान खाली घालून म्हणाली.

तिच्या धंद्यात कपडा परत येणं म्हणजे नाक कापलं जाणं. एकेक शर्ट उलटा करून तिने चूक शोधली होती. सापडली नव्हती, म्हणून तर जास्तच लागलं होतं. मी डोक्याला हात लावला. अर्थात, माझ्याही डोक्यात तोवर काही प्रकाश पडला नव्हता, उगाच शहाणपणा मिरवत नाही.

तेवढ्यात एक बाई धापा टाकत आली. नवऱ्याचा खांदा मोडला होता आणि नर्सबाईंनी तिला इकडे पाठवलं होतं. वहिनी सवयीने टेप शोधायला लागली.

"अहो, ते तिथे दवाखान्यात अंगावर चादर घेऊन बसलेत. मला आत्ता हवाय."

वहिनीने ओशाळून गठ्ठ्यातला एक मोठा शर्ट पुढे केला. "वापरलेला आहे हो."

बाईने शिवण ओढून पाहिली. "छान आहे की. भाडं काय याचं? आणि परत कधी आणून द्यायचा?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. ती बिचारी घाईत आणि आम्ही दोघी ठोंब्यासारख्या उभ्या!

रविवारी वहिनी नर्सबाईंना भेटून आली. शर्ट दवाखान्यातच ठेवायचे, प्लास्टर घालताना भाड्याने द्यायचे, काढताना तिथेच परत घ्यायचे. मग उकळत्या पाण्यात धुऊन पुढच्या माणसाला. माप घ्यायचंच नाही, लहान, मध्यम आणि मोठा, बस्स. एवढं मला सांगितलं, पण दादासमोर तिने तोंड उघडलं नाही.

सोमवारी ती डबा घेऊन वेळेवर बाहेर पडली. कारखान्यात गेली की काय या धास्तीने माझं कशात लक्ष लागेना. दुपारी दुकानाकडे गेले तर दार उघडं, वहिनी मशीनवर, आणि समोर दादा, कुलपातली किल्ली काढून हातात धरलेला.

"अगं, मालकाला आज किल्ली देतो म्हणून सांगितलंय मी," तो चिडून म्हणाला.

वहिनीने मशीन थांबवलं. "त्यांना विचारा ना, मागची खोलीही देतील का? धुतलेले शर्ट ठेवायला जागा लागेल मला."

ती आमच्या घरात आल्याला इतकी वर्षं झाली, पण तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दादानेही बहुतेक पहिल्यांदाच. त्याने किल्ली तिच्या मशीनवर ठेवली आणि तो खोलीचं विचारायला गेला.