कॅमेऱ्याला बंदी, मोबाइलवर स्टिकर

मंडळी, डोकं अजून चालत नाहीये, म्हणून तुम्हालाच विचारतो.

आपल्या फोटो ग्रुपच्या ‘कमी उजेड’ स्पर्धेचा आज शेवटचा दिवस. चाकणहून शिफ्ट संपवून थेट मॉलमध्ये गेलो. तिथल्या सरकत्या जिन्याखाली एकच पिवळा दिवा आहे, तो कधीपासून हेरून ठेवला होता. फ्लॅश नको, स्टँड नको. कठड्याला कोपर टेकवून हात स्थिर ठेवायला माझं मीच शिकलोय.

कॅमेरा काढताच गार्ड आला. "काका, कॅमेरा चालत नाही. मोबाइलवर कितीपण काढा."

"का हो?"

"कॅमेऱ्यानं फोटो चांगला येतो ना, म्हणून असंल."

मोबाइल काढला. आत कोणी फोटो काढू नये म्हणून सकाळी कंपनीच्या गेटवर लेन्सला लावलेलं लाल स्टिकर तसंच होतं.

"सोला की ते, इथं कोण बघतंय?" गार्ड हसला.

नख स्टिकरच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. गेटच्या आत, वर्दीवाल्यासमोर ते सोललं तर नोकरीवर येतं. हा वर्दीवाला कंपनीचा नाही हे कळत होतं, तरी नख पुढे सरकेना. तसाच घरी आलो आणि दारात उभ्या उभ्या सहज सोललं.

फोटो राहिला. पण मला अडवलं नेमकं कोणी, सांगाल का?