शी मॅडम

वाईट काम पाहिलं की राठोड मॅडमना खरोखर मळमळायचं. ताज्या गिलाव्यावर कुणी छिन्नी चालवताना दिसला, की त्या तोंडाला ओढणी लावून "शी!" म्हणत बाहेर पडत. मारेगावकडे एका सरकारी दवाखान्याची इमारत चालू होती, तिथल्या त्या इंजिनियर. वायरिंगचं काम माझ्याकडे. पाठीमागे आम्ही सगळे त्यांना 'शी मॅडम'च म्हणायचो.

मॅडम आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरच्या. मजूर बायांशी गोरबोलीत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि वरच्या साहेबांशी इतक्या शुद्ध मराठीत, की तो रागच वाटे. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या वायरले नळवाल्याच्या पाइपाचा पत्ता नाही. मंग फोडाफोडी करून राह्यता अन् त्याले काम म्हनता."

ती फोडाफोडी थांबावी म्हणून त्यांनी संगणकावर सगळ्यांचे नकाशे एकत्र बसवले. भिंती, नळ, वायरी, अख्खी इमारत पडद्यावर उभी राहायची, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या अंगावर येईल तिथे लाल खूण उमटायची. स्लॅब टाकण्याआधी त्या आम्हा सगळ्यांना टिनाच्या शेडमध्ये बसवत. भांडण मिटल्याशिवाय काँक्रीट मागवू देत नसत. चहा मात्र स्वतः करून पाजत. साहेबांना तो पडदा फार आवडला. कुणी पाहुणा आला, की त्याला शेडमध्ये आणून "आमचा नवा प्रयोग" म्हणून दाखवत.

एकदा लाल खूण उमटली ती बाळंतपणाच्या खोलीवर. वरच्या संडासाचा पाइप छताखालून, नेमका टेबलाच्या वरून जात होता. तो बाहेरच्या भिंतीवरून न्यावा, असं मॅडमनी सांगितलं. उद्घाटन जवळ आलंय, आता बदल नाही, असं साहेबांचं म्हणणं. मग हळूच म्हणाले, "पाहुण्यांना दाखवताना तेवढा लाल रंग काढून टाका."

मी तिथेच उभा होतो. ते वाक्य आठवलं की अजून तोंडात कडू पाणी येतं. मॅडमनी नकार दिला. त्यांची नेरला बदली झाली, रंग दुसऱ्या कुणी काढला, आणि उद्घाटनाच्या भाषणांत साहेबांच्या कल्पकतेवर फुलं उधळली गेली.

काही महिन्यांनी पाइपाचा सांधा सुटला. एक बाई बाळंत होत असताना छतातून घाण टपकायला लागली. सिस्टरांनी तिच्यावर प्लॅस्टिक धरलं, आणि त्याखाली मूल जन्मलं. मी मॅडमना कळवलं. त्या रजा टाकून आल्या, मायलेकरांना पाहिलं आणि व्हरांड्यातूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, आपल्या सुनेचं बाळंतपण याच टेबलावर करणार असाल, तर पाइप राहू द्या."

पाइप बाहेरून फिरवला गेला. काम संपेस्तोवर मॅडम तिथून हलल्या नाहीत. मग त्यांनी नोकरीच सोडली.

गेल्या वर्षी यवतमाळला त्या साहेबांचं व्याख्यान होतं, बांधकामात सगळ्यांचा मेळ कसा घालावा यावर. फोटो त्याच दवाखान्याचे. मला बसवेना. बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्या नागपूरला कुठल्याशा साइटवर होत्या. मागे मिक्सर घरघरत होता. माझा सगळा संताप त्यांनी ऐकून घेतला.

"त्या खोलीत बाळंतपनं होऊन राह्यली ना?"

"होऊन राह्यली."

"मंग बोलू द्या त्याले," म्हणाल्या, आणि मिक्सरवाल्याला पाणी कमी घालायला सांगू लागल्या.