लाईट गेली तरी थांबेना

मित्रांनो, आज सकाळी काय झालं ते सांगतो.

मी शेअर बाजाराचा एक प्रोग्राम लिहिलाय, तो घरच्या लॅपटॉपवर चालतो. चालू भाव बघून तो स्वतःच शेअर घेतो, विकतो. आमच्या नांदेडात लाईटचा भरवसा न्हाई, म्हणून घरचं नेट गेलं की जुन्या मोबाईलचं नेट आपोआप जोडलं जाईल अशी सोय केली होती.

आज मी कंधारच्या बसमध्ये असताना घरची लाईट गेली. मोबाईलचं नेट जोडलं गेलं, पण नवे भाव यायचे थांबले. प्रोग्रामला जुना स्वस्त भावच दिसत राहिला आणि तो घेतच सुटला. माझ्या फोनवर 'खरेदी झाली' असे साधे एसएमएस एकामागून एक. बसमध्ये नेट चालेना, म्हणून मला तो थांबवता येईना. आईला फोन लावला.

"आई, लॅपटॉप बंद कर."

"लाईटच न्हाई रे. बंदच असंल."

"बॅटरीवर चालू हाय."

"हाव की. पासवर्ड मागून राहिला."

लॅपटॉपचं बटन दाबून धरलं की तो बंद होतो, हे सुद्धा मला सुचलं न्हाई. "लॅपटॉपशेजारचा जुना मोबाईल बंद कर."

"त्याचं बटन तुटलंय."

"मग पाण्यात टाक."

तिनं तो बादलीत बुडवला. मेसेज थांबले. मी जरा श्वास घेतला, तेवढ्यात पुन्हा तिचाच फोन.

"काळजी करू नको, लाईट आली."

लाईट आली म्हणजे घरचं नेट आलं. म्हणजे प्रोग्रामची खरेदी पुन्हा सुरू. मी ओरडलोच, "नेटच्या डब्याची वायर उपट!" तिनं उपटली, तेव्हा कुठं तो थांबला.

तो बंद पडू नये म्हणून मी काय काय केलं. बंद कसा करायचा, ते आईला एकदाही दाखवलं न्हाई. तुम्ही दाखवलंय का घरी कुणाला?