सांगा पाहू, मी कोण?

आमच्या चर्चच्या मागील सभागृहात महिन्याच्या अखेरच्या रविवारी मंडळी जमतात. उपासना आटोपलेली असते, चहा यायचा असतो आणि नवागतांना कुणाशी काय बोलावे ते उमगत नसते. तो संकोच विरघळावा म्हणून तेथे ओळखीचे खेळ खेळले जातात. त्यांचे सूत्रसंचालन एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे असते. गळ्यातली शिट्टी त्या उपासनेतही काढीत नाहीत, म्हणून त्यांचे नाव शिट्टीबाई. पत्नी गेल्यापासूनच्या तीन वर्षांत या खेळांत एक गृहस्थ मात्र कधी उतरले नव्हते. ते आमचे लाँड्रीवाले काका.

काकांच्या दुकानात पुढे कपडे घेण्यादेण्याचे टेबल, मध्ये जाड पडदा आणि पडद्यामागे वाफेची इस्त्री. पुढे काकू, मागे काका. उभा संसार त्यांनी त्या पडद्यातून केला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. "डॉक्टरांचा कोट झाला का हो?" असे काकूंनी विचारावे आणि आतून उत्तर यावे, "कोट झाला. डॉक्टर बरे आहेत का, विचार!" गिऱ्हाइके हसत. दिवसाकाठी मुखदर्शन थोडे, स्वराचा सहवास अखंड.

काकू निवर्तल्यावर छायाचित्रे उदंड उरली. आवाज मात्र कुणी जपून ठेवलेला नव्हता. काका एकदा मला म्हणाले होते, "चेहरा डोळ्यांपुढे येतो हो. पण बोलायला लागली, की ऐकूच येत नाही." आणि ते पुन्हा बाहीवर इस्त्री फिरवू लागले.

त्या महिन्यात त्यांची मेहुणी, म्हणजे काकूंची धाकटी बहीण, दूरच्या गावाहून चार दिवस राहायला आली. अंत्यविधीच्या वेळी ती केवळ रडली होती. त्यानंतर प्रथमच येत होती. दाराशी ती म्हणाली, "भाऊजी, बॅग जड आहे, जरा धरता का?" आणि काका जागीच खिळले. वयाने तिचा स्वर थोरल्या बहिणीसारखाच झाला होता. तोच किंचित घोगरा आरंभ, तीच वाक्याच्या शेवटी वर चढणारी लकेर. परंतु समोर चेहरा होता धाकटीचा. तो पाहताच स्वरही तिचाच होऊन जाई. डोळे मिटून ऐकावे, तर आलेल्या पाहुणीसमोर डोळे मिटून कसे बसायचे? तीन दिवस काकांनी हा संयम पाळला.

रविवारी शिट्टीबाईंनी खेळ सांगितला. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून मध्ये बसायचे, मागून कुणीतरी येऊन, हवा तर आवाज बदलून, म्हणायचे, "सांगा पाहू, मी कोण?" ओळखायला तीन संधी.

"कोण बसतंय?"

"मी," काका म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग मंडळीतला एक थट्टेखोर बसचालक ओरडला, "काका, पट्टी खळ घालून आणलीत का?"

"तुझ्या तोंडाला घालायची राहिली," काकांनी परतफेड केली. पट्टी बांधली गेली.

बसचालकाने बारीक आवाज काढला. काकांनी तत्क्षणी ओळखला. चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, नाकातून प्रश्न केला. तेही पकडले गेले. वर्षानुवर्षे पडद्याआडून गिऱ्हाइके ओळखणाऱ्याला हे काय अवघड! मग शिट्टीबाईंनी मेहुणीला खुणेने पुढे केले.

"सांगा पाहू, मी कोण?"

काकांची बोटे गुडघ्यांवर घट्ट झाली.

"शिट्टीबाई," ते म्हणाले.

हशा पिकला. "मी इकडे आहे हो!" शिट्टीबाई दुसऱ्या टोकाकडून म्हणाल्या.

"पुन्हा म्हणा," काका म्हणाले.

"सांगा पाहू, मी कोण?"

"पाळकांची आई."

"अहो, कान धुवायला टाका आता!" बसचालक म्हणाला. मेहुणी मात्र हसली नाही. पट्टीखालून उतरलेली एक ओली रेघ तिला दिसली होती. तिसऱ्या वेळी तिने घाई केली नाही. एकेक शब्द सावकाश, पुरता उच्चारला.

आता नाव घ्यावे तरी खेळ संपणार, चुकावे तरी संपणार.

"सांगा ना काका, चहा निवतोय," शिट्टीबाई हळूच म्हणाल्या.

"माझी मेहुणी," काका म्हणाले. टाळ्या पडल्या आणि पट्टी सुटली.

परतताना मी काका आणि मेहुणी यांच्याच वाटेने चाललो होतो.

"भाऊजी, पहिल्यांदाच ओळखलं होतंत ना?"

"हो."

"माझा आवाज इतका ताईसारखा आहे?"

काकांनी मान डोलावली.

"आणि मला तो तसा ऐकूच येत नाही हो," ती म्हणाली. "माझ्याच गळ्यात आहे, आणि मलाच नाही. तुम्हाला तरी मिळाला." मग ती म्हणाली, "ताई दुकानात कशी बोलायची, ते मला सांगाल? आज सगळं सांगा. उद्या माझी गाडी आहे."

"सांगतो. पण आधी तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही. तुझ्या शेजारणीचं गाऱ्हाणं सांग."

ती थांबली आणि आपण होऊन एक पाऊल मागे राहिली. काका पुढे चालू लागले.

"तर ती शेजारीण ना भाऊजी, रोज सकाळी आमच्याच दारात केर लोटते. मी म्हटलं, बाई गं..."

काकांनी मागे वळून पाहिले नाही. चाल मात्र त्यांनी फारच मंद केली. घर जवळ येऊ लागले होते.